दोन बॅचमधला बँड

आमच्या रॉक बँडची सगळी कारकीर्द कोंबड्यांनी ठरवली, असं मी म्हटलं की लोकांना थट्टा वाटते. थट्टा कसली! आम्हाला तालमीला जागाच मुळी एक होती, श्रीरामपूरजवळच्या एका खेड्यात आमच्या ड्रमरच्या आईचं पोल्ट्रीचं शेड. कंपनी पिल्लं टाकून जायची, ती मोठी झाली की गाडी येऊन पक्षी उचलायची. मग शेड धुवायचं, चुना मारायचा आणि पुढची बॅच येईपर्यंत ते रिकामं ठेवायचं. तेवढे दिवस आमचा बँड. पिल्लं आली की बँड बंद.

कारण हा पक्षी भलता भित्रा. मोठा आवाज झाला की सगळे एका कोपऱ्यात धावतात, एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरून मरतात. दिवाळीत फटाक्यांवरून ड्रमरची आई, म्हणजे आमच्या काकू, अख्ख्या वस्तीशी भांडायच्या. तिथे ड्रमची काय कथा.

आम्ही तिघंच. मी शाळेत शिकवते आणि बेस गिटार वाजवते. शिकले चर्चच्या तरुण संघात. तिथे सगळे देवासाठी वाजवायचे, मी थोडं स्वतःसाठीही वाजवून घ्यायचे. आमचा गायक जिल्ह्यातल्याच नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला, गिटारही तोच वाजवतो. भीमगीतं ऐकत, गात वाढलेला, त्यामुळे गळा असा की लाईट गेली तरी माईकवाचून अडत नाही. आणि ड्रमर. तो बोलायचा कमी, पण बोलला की मुद्द्याचं. शेड रिकामं आणि गायकाला सुट्टी, हा योग पत्रिका जुळण्याहून अवघड होता. तरी चार वर्षांत आमची स्वतःची सात गाणी झाली. ती आम्ही कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवली, नाताळात वाजवली, भीमजयंतीच्या स्टेजवर वाजवली. सगळीकडे कोणीतरी पुढे येऊन विचारायचंच, "झालं का? मग आता डीजे लावा की."

गेल्या वर्षी पुण्याहून बोलावणं आलं. नव्या बँडांना एका हॉलमध्ये ऐकणार आणि त्यातल्या काहींना पुढे गावोगावच्या कार्यक्रमांसाठी घेणार. मी तर वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा हसत होते. ड्रमर मात्र गंभीर.

"हे शेवटचं हां," तो म्हणाला. "निवड झाली तर झाली. न्हाई तर ड्रम विकतो आन् दुसरं शेड उभं करतो. आई एकटी किती दिवस ओढील? मला काय जन्मभर वाजवीत बसता येतंय व्हय?"

त्याचं खोटं नव्हतं. त्याचे वडील लवकर गेले होते आणि घर त्या शेडवरच चालत होतं. पण तो गेला की बँड संपला, हेही तितकंच खरं होतं. दुसरा ड्रमर आम्हाला सापडला असता कुठे?

त्यातून दुष्काळात तेरावा महिना म्हणजे पुण्याची तारीख आली नेमकी पक्षी भरात असताना. त्या वयाचे वजनदार पक्षी उन्हाळ्यात घाबरले तर धडगत नसते. मग आम्ही शेडला लागून असलेल्या खाद्याच्या खोलीत तालीम धरली. गिटारींना स्पीकर नाही, ड्रमर काठ्यांना फडकी बांधून पोत्यांवर वाजवणार आणि गायक ओठातल्या ओठात गाणार. काकू मधूनच दारात येऊन ओठांवर बोट ठेवायच्या. आम्ही आणखी खाली यायचो. कितीतरी दिवस हेच.

पुण्यात स्टेज मोठं, स्पीकर मोठे, दिवे डोळ्यांत जाणारे. आणि आम्ही वाजवलं ते खाद्याच्या खोलीत वाजवायचो तसं. ड्रमरच्या काठ्या जोरात वर जायच्या आणि खाली येताना आपोआप मवाळ व्हायच्या. माझीही बोटं तारेवर बिचकत होती. साऊंडवाला लांबून हातवारे करत होता, वाढवा, वाढवा! शेवटच्या गाण्याला ड्रमरला एकदम भान आलं आणि त्याने असा तडाखा दिला की गायकच दचकला आणि एक ओळ विसरला.

नंतर आयोजक बाई प्रेमाने म्हणाल्या, "गाणी फार छान आहेत. पण इतकं दबून का वाजवता तुम्ही?"

काय सांगणार? कोंबड्या बिथरतील म्हणून?

निवड झाली नाही. परतीच्या एसटीत आम्ही आधी पोट दुखेपर्यंत हसलो. मग ड्रमर खिडकीकडे तोंड करून बसला आणि मला फार वाईट वाटलं.

पावसाळ्यानंतर दुसरं शेड उभं राहिलं. तो शब्दाचा पक्का. दोन्ही शेडांत आलटून-पालटून पिल्लं टाकायची, म्हणजे काम अंगावर एकदम येत नाही आणि हातही रिकामा राहत नाही, असं त्याने ठरवलं होतं. शहाणपणाचंच होतं ते. पण आता त्या रानात पक्षी नाहीत असा दिवसच उगवणार नव्हता. मी आणि गायक नवं शेड बघायला म्हणून गेलो, खरं तर ड्रमचा निरोप घ्यायला. ते पुसून, गिऱ्हाइकासाठी ओट्यावर मांडून ठेवले होते.

कंपनीचा सुपरवायझर आला होता. काकू त्याला सांगत होत्या, "दोन्हीकडं एकाच दिवशी पिल्लं टाका."

"काकू, लोड येईल तुम्हाला. तुमचा मुलगा तर आलटून-पालटून म्हणतोय."

"आई, तुला झेपायचं न्हाई," ड्रमर म्हणाला.

"मला काय झेपतं ते मी बघीन. एका ना एका शेडात कायम पक्षी राहिले तर ह्या पोरांनी वाजवायचं कधी?" मग त्या लेकाकडे वळल्या. "आन् ते ड्रम उचल तिथनं. पुन्यात काय झालं ते मला कळलंय. माझ्या पक्ष्यांपायी दबून दबून वाजवलं तुमी. आता दोन्ही शेडं मोकळी झाली की वाजवा काय वाजवायचं ते."

सुपरवायझर गोंधळला. "वाजवायचं म्हणजे? काय वाजवतात हे?"

"माझ्या लेकाचा बँड हाय," काकू म्हणाल्या.

ड्रमर तोंड फिरवून घाईघाईने ओट्यापलीकडचा नळ बंद करायला गेला. नळ चालू नव्हताच.