भोंगा बंद, ढोल चालू

हिरामणमामाला काळजी करायला कारण लागत नाही. एसटी उशिरा आली तर काळजी आहेच, पण वेळेवर आली तरी म्हणतो, आज एवढी वेळेवर कशी काय, कुठंतरी काहीतरी झालं असणार. हा माझ्या आईचा थोरला भाऊ. कडावच्या अलीकडं आमच्या आजोळच्या वाडीत राहतो. थोडी भातशेती, दोन म्हशी, आणि खिशात कायम एक टेस्टर. पण वाडीत त्याला अजून रेडिओवाला म्हणतात, आणि ते का म्हणतात हे मला लिहायचंच होतं, कारण आई ही गोष्ट सांगायला लागली की हसता हसता मधेच गप्प होते.

वाडीचा रेडिओ म्हणजे खरा रेडिओ नव्हे, हवेतून काही जायचं नाही. आधी पंचायतीत एक सरकारी रेडिओ होता, मोठ्या पेटीचा, सगळ्यांनी मिळून ऐकायचा. त्याच्यावर शेतीचा कार्यक्रम लागायचा आणि म्हातारे विडी ओढत ऐकायचे. एका पावसाळ्यात तो मुका झाला तो झालाच. मामा तेव्हा विशीतला. त्यानं आणि तालमीतल्या पोरांनी कुठून कुठून एक जुना अँप्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर, एक माइक आणि दोन भोंगे गोळा केले. एक भोंगा तालमीसमोरच्या चिंचेवर, दुसरा पार नदीकाठच्या पांगाऱ्यावर, आणि मधे बांबू रोवून रोवून नेलेली वायर. तालमीची खोली म्हणजे स्टेशन. रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आधी मामा माइकवर खाकरायचा. त्या खाकरण्यावर बायका चुली पेटवायच्या.

आधी बातम्या. कर्जतच्या बाजारात भाताचा भाव काय, नवशाची गाय कुठं दिसली, कुणाचा पाहुणा एसटीतून उतरून वाट चुकला. आणि मग नाच. लेझमीच्या रेकॉर्डी, बाल्यानाचाच्या, कोळीगीतांच्या, बँडच्या ठेक्याच्या. पोरं तालमीपुढं नाचायची आणि पोरी नदीकाठच्या भोंग्याखाली, तिथं बघायला कुणी म्हातारं नसायचं म्हणून. माझी आई, सुंदरा, तेव्हा फ्रॉकमधून नुकती परकरात आलेली, ती म्हणते आम्ही तिथं जेवढं नाचलो तेवढं जन्मात नाचलो नाही.

सहदेवअण्णा म्हणजे तेव्हाचे पोलीस पाटील. त्यांनी परवानगी देताना एकच अट घातली होती. "वाडीत मयत झालं तर भोंगा बंद. दुसऱ्याच्या दारात रडारड आन् तुमचा धांगडधिंगा, ते चालनार नाय." पोरांनी कबूल केलं आणि पाळलंही. पण त्याचं झालं असं की पुढं पुढं भोंगा बंद म्हणजे कुणीतरी गेलं, असंच सगळ्या आसपासच्या वाड्यांना कळायला लागलं. निरोप्या धाडावा लागायचा नाही. संध्याकाळी वाजला नाही की लोक एकेक लाकूड खांद्यावर घेऊन निघायचे, सरणाला. प्रत्येक घरातून एक लाकूड न्यायचं ही आमच्याकडची पद्धत.

मामाला तेव्हापासून धसका. ताप असला तरी भोंगा लावायचा, भांडण झालं तरी लावायचा. एकदा घसा बसला होता तर नुसता खाकरला आणि रेकॉर्ड लावली.

आणि त्या वर्षी आजोबा आजारी पडले. आबाजी, मामाचे वडील. पोटात गाठ निघाली. श्रीपतकाका, म्हणजे आजोबांचा धाकटा भाऊ, त्यांना मुंबईला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. गणपती उरकले होते, भात पोटरीला आलं होतं, रानडुकरं शेतात शिरत होती. आजी, आनंदीबाई, नदीवरचा साकव, म्हणजे लाकडी पूल, ओलांडून पलीकडच्या शेतात माळ्यावर राखणीला बसायची. घरात बसवत नाही म्हणाली. जाताना मामाला एवढंच बोलली, "तू रोज वाजीव. मी आयकतंय तिकडनं."

मामानं ह्याचा अर्थ स्वतःच्या डोक्यानं घेतला. वाजला म्हणजे आबा आहेत. नाही वाजला की आजीनं काय समजायचं?

मुंबईहून निरोप नव्हता. फोन नाही, काही नाही. मामा दिवसभर वायर तपासत फिरायचा, कुठं गाठ सैल आहे का, कुठं म्हैस अंग घासते का. नाचाच्या रेकॉर्डी लावायचा आणि स्वतः खोलीत डोकं धरून बसायचा. पोरं म्हणायची हिरा, जरा बाहेर ये, तर म्हणायचा नाही, सुई अडकली तर.

आणि एका संध्याकाळी तो माइकवर खाकरला आणि आवाजच आला नाही.

फ्यूज बघितला, ठीक. वायर बघितली, ठीक. बटण दाबलं तर दिवाही लागेना. करंट गेला होता. तेव्हा करंट गेला की कधी येईल हे कुणी सांगू शकायचं नाही.  नवशा, त्याचा जिवाभावाचा दोस्त, शेजारी उभा होता.

"यील रं. बस जरा."

"बस काय? आय तिकडं कान लावून बसली आसंल."

"मग जा की सांगायला."

"साकवावरनं वळसा मारून जायाचं म्हंजे काळोख पडंल. तवर ती निघंल तिकडनं. रडत पडत निघंल आन् साकवावरनं पाय घसरला तर? मग?"

नवशानं डोकं खाजवलं. "मग हितनंच वरडायचं काय?"

आणि मामाच्या डोक्यात आलं, ढोल.

ढोल नवशाच्याच घरी होता, आढ्याला टांगलेला. स्टेशन यायच्या आधी सगळे नाच त्याच्यावरच व्हायचे. रेकॉर्डी आल्या आणि ढोल वर गेला. लग्नात तेवढा खाली यायचा. आणि एक आणखी वेळ होती, पण त्या घटकेला ती एकाही पोराला आठवली नाही, सगळी विशीतली पोरं, त्यांना नाचाशिवाय काय आठवणार. मामा म्हणाला काढ खाली. पावसाळ्यानं सैल पडलेलं चामडं चुलीवर शेकलं, आणि नवशा नदीकाठी पांगाऱ्याखाली जाऊन वाजवायला लागला.

"नाचा रं," मामा म्हणाला. "मोठ्यानं. आरोळ्या मारा. आयला आयकू गेलं पायजे."

आई सांगते, असा नाच तिनं परत बघितला नाही. कुणाच्या तोंडावर हसू नाही, सगळे पलीकडच्या काठाकडं बघत नाचतायत आणि मामा मधे, लेझीम हातात उलटी धरलेली, आणि डोळ्यांतून पाणी. ती घाबरून एका झाडाला धरून उभी होती. तिला वाटलं दादा वेडा झाला.

पहिला आला पोशा, शेजारच्या वाडीतला. खांद्यावर जांभळीचं भलं जाड लाकूड. त्यानं ते हळूच खाली ठेवलं आणि मामाच्या पाठीवर हात ठेवला.

"वाईट झालं रं हिरा."

मामा नाचायचा थांबला. "काय वाईट झालं?"

"आबाजी भला मानूस व्हता."

"व्हता?" मामा एवढंच बोलला आणि तिथंच खाली बसला. त्याला वाटलं पोशा कर्जतला जाऊन आलाय, पोशाला मुंबईची बातमी लागलीय. पोशाला वाटलं पोराला अजून खरं वाटत नाही. त्यानं मामाला जवळ घेतलं आणि मामा हंबरडा फोडून रडायला लागला, आणि त्याला बघून माझी आई, आणि आईला बघून नाचणाऱ्या पोरी. तोवर मागून आणखी लोक येत होते, प्रत्येकाच्या खांद्यावर लाकूड. ढिगारा वाढत होता. नवशा बिचारा अजून वाजवत होता, त्याला थांब म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

आणि तेवढ्यात नदीतून आजी आली. साकवावरून नाही, सरळ पाण्यातून, कमरेपर्यंत भिजलेली, लुगडं अंगाला चिकटलेलं. काठावर येऊन तिनं आधी नवशाच्या हातातली टिपरी हिसकून घेतली. मग मामासमोर उभी राहिली.

"कवा कळलं तुला? कोन आलंय मुंबैवरनं?"

"पोशा सांगतोय."

"मी?" पोशा म्हणाला. "मी कशाला सांगू? मी ढोल आयकून आलो."

 मग आजीनं सावकाश विचारलं, "भोंगा का नाय लावलास?"

"करंट गेला."

"ते म्हाईत हाय मला. भाताची गिरण पन त्याच टायमाला गप झाली. आता गिरणवाला पन मेला काय? करंट गेला येवढं कळतंय मला, माळ्यावर बसले म्हून येडी नाय झाले. पन ढोल कशाला वाजवलास रं? आश्विनात कुनाचं लगीन हाय?"

तेव्हा पोशानं पोरांना सांगितलं, आणि त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असणार. लग्न नसताना वाडीत ढोल वाजायचा तो घरातलं मोठं माणूस गेलं की. घराचा आधार असलेल्या माणसाला वाजत गाजत न्यायचं. मामानं आजीला धीर द्यायला तिच्या नवऱ्याची अंत्ययात्राच वाजवून दाखवली होती.

पण म्हणून कुणी हसलं नाही, कारण आबा आहेत की नाहीत हे अजूनही कुणालाच माहीत नव्हतं. लाकडांचा ढीग समोर, आणि सगळे उभे. लाकूड परतही नेता येत नाही, सरणाला निघालेलं लाकूड पुन्हा घरात घेत नाहीत. आजी ओल्या लुगड्यानं त्या ढिगाशेजारीच बसली.

संध्याकाळची एसटी आली तशी पोरं वाटेकडं बघायला लागली, कारण श्रीपतकाका आला तर त्याच एसटीनं येणार. आणि आला. हातात पिशवी. त्यानं लांबूनच ती गर्दी बघितली, लाकडं बघितली, ओली आजी बघितली, आणि पिशवी टाकून पळत सुटला.

"कोन गेलं? वैनी, कोन गेलं?"

आजी उठली. "ते तूच सांग."

"मी काय सांगू?"

"श्रीपत, ते कसं हायेत?"

"दादा? दादाचं आपरेशन झालं. काल पेज पिली. मला म्हनाला जा, घरी सांगून ये, हिरा उगं काळजी करत बसला आसंल."

आई म्हणते आजीनं पदर पिळला, परत पिळला. मामा लाकडांच्या ढिगावरच बसला होता, तो तिथून उठलाच नाही.

करंट आला तेव्हा अंधार पडत होता. तालमीच्या खोलीत कधी पाऊल न ठेवलेली आजी तशीच ओली आत गेली आणि माइकवर कुठल्या बाजूनं बोलायचं ते विचारलं. "मी आनंदीबाय बोलतंय. आमच्यात कोन मेलं नाय. ज्यांनी लाकडं आनली त्यांनी चा पिऊन जा. आजून कोन वाटंत आसंल तर लाकूड तिथंच टाका." मग मामाला म्हणाली, "लाव आता तुझं काय ते." त्यानं कोळीगीत लावलं. लोक चहा पीत उभे राहिले, आणि पोशा नाचला.

आबा महिन्याभरानं घरी आले, निम्मे झालेले. लाकडं तालमीमागं तशीच पडून होती, मामा त्या बाजूला फिरकायचाही नाही. आजी म्हणाली, चुलीला नको, घराबाहेरच्या न्हाणीला चालतील. त्या हिवाळ्यात आबांचं आंघोळीचं पाणी त्याच लाकडांवर तापलं. मामा रोज न्हाणीच्या दारात उभा, आबांनी विचारलं तर काय सांगायचं ह्या काळजीत. आणि एक दिवस आबांनी विचारलंच.

"हिरा, ही जांभूळ तर पोशाच्या बांधावरची दिसतेय. त्यानं कवापासनं लाकडं वाटायला काढली?"

मामानं सगळं सांगून टाकलं, एका दमात. आबा अंगावर पाणी घेता घेता थांबले. 

"ढोल बरा वाजवला काय नवशानं?"

"बरा वाजवला."

"मग आजून एक लाकूड सार आत," आबा म्हणाले, "पानी कोमट हाय."