नदीपल्याड पोचणारा अँप्लिफायर

मंडळी, आज आबांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, नगरला घरच्या स्टिरिओसाठी अँप्लिफायर घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने छान गोड आवाजाचा लावून दाखवला.

आबा म्हणाले, "ह्यो नको. आवाज लांब जानारा दावा."

"अहो, घरातच ऐकायचंय ना?" दुकानदार म्हणाला.

आबांनी सगळ्यात मोठ्या आवाजाचा निवडून पैसे दिले.

ताईचं सासर आमच्यासमोरच, प्रवरेच्या पल्याड. यंदा दुष्काळाने नदी कोरडी, पाच मिनिटांत चालत जाता येतं. पण लग्नातल्या मानपानावरून व्याह्यांनी तिचं माहेर तोडलंय.

संध्याकाळी दोन्ही स्पीकर खिडकीत ठेवून तिच्या आवडीची रेकॉर्ड लावली. ताई अंगणात येऊन उभी राहिली. गाणं संपायच्या आत कुणीतरी तिला दंडाला धरून आत नेलं.

तेव्हापासून आबा एकच विचारतायत, "आपल्या गान्यापायी तिला बोलनी तर बसली नसतील?"

काय सांगू त्यांना?