चढत गेलेली रेघ

गवती चहाचा वास आला की मला हडपसरच्या ऑफिसातली ती दुपार आठवते. आम्ही सांभाळत असलेली एका रुग्णालयाची नोंदणीची वेबसाइट सारखी बंद पडत होती. मी अमरावतीहून नुकतीच आलेली, पुरती घाबरलेली. शेजारी गवती चहा पीत बसलेल्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, “अहो, आजचंच काय बघताय? आठवड्याचा आलेख काढा.” प्रत्येक सर्व्हरने आठवडाभरात किती मेमरी वापरली ते शोधून मी एकाच आलेखात मांडलं. बाकीच्या रेघा सपाट होत्या, एकच दिवसेंदिवस वर चढत होती; त्या सर्व्हरची मेमरी भरली की वेबसाइट बंद पडत होती. “हाच तो!” मी ओरडलेच. तो सर्व्हर बाजूला काढला आणि नोंदणी सुरळीत सुरू झाली. “सापडला ना? मग ओरडता कशाला?” बाई म्हणाल्या, पण गालातल्या गालात हसत होत्या. संध्याकाळी मी आईला फोनवर सांगितलं, “मी इथे टिकेन गं.” अजून टिकून आहे, आणि मजेत आहे.