वासंतीताईंच्या साठीला थर्माकोलची ताटं

डॉक्टर वासंतीताईंच्या साठीच्या जेवणाला थर्माकोलची ताटं मागवली आहेत, हे मला सत्कार समितीने सांगितलं नाही, भाजीवाल्याच्या लारीवर, हातगाडीपाशी, कळलं. स्वयंपाक माझ्याकडे, सत्काराच्या अंकातला हा लेखही माझ्याकडे, आणि ताटांचं तेवढं मला विचारायचं नाही. मी हरकत घेतली तर समितीचे सेक्रेटरी म्हणाले, "बेन, चालशे. स्टीलची ताटं घासणार कोण?" तुम्हाला चालेल हो. ज्यांचा सत्कार आहे त्यांना चालेल का? मी चौथीपर्यंत शिकलेली, गोड लिहिणं मला जमत नाही, म्हणून सुरुवात इथूनच करते.

ताईंची नि माझी ओळख भांड्यांवरूनच झाली. मांजलपूरला आम्ही नवीन ब्लॉक घेतला, तेव्हा बाजारात रंगीबेरंगी प्लास्टिकचे डबे नुकते आले होते. मी सासूबाईंचं स्टील माळ्यावर टाकलं आणि सगळं स्वयंपाकघर प्लास्टिकचं केलं. पुढे माझे केस गळायला लागले, ब्लाऊज घट्ट झाले, दुपारी उभं राहवेना. सासूबाई म्हणायच्या, आळस भरलाय. शेवटी नागरवाड्यात ताईंच्या दवाखान्यात गेले. त्यांनी गळा चाचपला, रक्त तपासायला सांगितलं आणि मग विचारायला लागल्या. गरम आमटी कशात ठेवता, नॉनस्टिक तव्याचं काळं निघालंय का, दारं लावून डासांची कॉइल जाळता का. मला वाटलं, या डॉक्टर आहेत की मुलगी द्यायला घर बघायला आल्यात.

रिपोर्टात थायरॉइड निघाला. मी विचारलं, "म्हणजे माझ्या डब्यांनी केलं हे?"

"ते मला सांगता येणार नाही," ताई म्हणाल्या. "अशा काही रसायनांचा थायरॉइडवर परिणाम होत असावा, असा संशय आहे. तुमचा त्यानेच बिघडला असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ऐकू नका. गोळी रोज घ्यायची. आणि उकळती आमटी प्लास्टिकात ओतायची एवढी हौस कशाला? स्टील काय चावतं?"

मी शेवटचं तेवढं ऐकलं. डबे भंगारात दिले, तवा दिला, कॉइल जाऊन मच्छरदाणी आली. कारणच घराबाहेर गेलं म्हटल्यावर गोळ्या कशाला, म्हणून त्याही बंद केल्या. मग एक दिवस शेंगा निवडता निवडता बसल्या जागी झोपले.

ताईंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची मोपेड आमच्या दारात. माझ्या हातावर गोळी ठेवली, पाणी दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. गोळीनंतर तासभर मला चहा नाही, आणि चहा करणारी मीच, म्हणजे घरात कुणालाच नाही. आठवडाभर त्या अशा येत राहिल्या. तेव्हा सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, शकूला बरं नाहीये.

ताई लग्नाकार्याला जातात तेव्हा पिशवीत स्वतःचं ताट-वाटी नेतात. लोक हसतात, त्या पुरी मागून घेतात. घडियाळी पोळ या जुन्या वस्तीतल्या एका लग्नात ताट घरी राहिलं आणि तिथे सगळं थर्माकोल. मुलीच्या आईला वाईट वाटू नये म्हणून ताई म्हणाल्या, पोट बिघडलंय, आणि एका केळ्यावर घरी गेल्या. एवढं एकच खोटं मी त्यांच्या तोंडून ऐकलंय.

आता सांगा, स्वतःच्या सत्काराला कुणी पिशवीत ताट घेऊन येतं का? ताई येतील, शाल घेतील, पोट बिघडलंय म्हणतील आणि उपाशी जातील. आमच्यासमोर, आमच्याच पंगतीतून.

ताईंनी शंभरी गाठावी, तोवर मोपेड चालवावी आणि आम्हाला रागवावं. पण भरल्या पोटी. ताटं मी सोसायटीतून गोळा करते. घासायला सासूबाई सोडून आमचं अख्खं घर येईल.

सेक्रेटरींनी गुरुवारी संध्याकाळपर्यंत घरी येऊन सांगावं, ताटं स्टीलची की थर्माकोलची. स्टीलची असतील तर ताटांची भांडणं लेखातून खुशाल कापा. थर्माकोलची असतील तर लेख आहे तसा छापा, आणि कढी तुमची तुम्ही करा.

शकुंतला माने, मांजलपूर, बडोदे