कोळ्याच्या डोळ्यातली खिडकी

मी पत्रकं लिहितो. त्यामुळं कुणी गोड बोललं की मला आधी वास येतो. राधानगरीकडच्या एका देवराईतून रिसॉर्टचा रस्ता न्यायचं घाटत होतं, तेव्हा पंचायतीची भाषा फार गोड होती: रानात तसं आहे काय, चार झाडं आणि कोळिष्टकं! म्हटलं, ठीक आहे, कोळीच दाखवतो. रविवारी ग्रामसभा. रस्त्याचा ठराव तिथं पडला नाही, तर रानात जेसीबी.

फोटो काढणारा मित्र बरोबर घेतला. त्याच्या मॅक्रो लेन्समधून माशीएवढा कोळी म्हशीएवढा दिसतो. माझ्याकडं आपलं मोबाइलला अडकवायचं भिंग. सकाळभर पाचोळ्यात पालथे पडलो. एका पानावर उड्या मारणारा कोळी सापडला, पुढचे दोन डोळे ट्रकच्या दिव्यांसारखे. मी श्वास रोखून बटण दाबेपर्यंत गडी दुसऱ्या पानावर.

निघताना गुरव आडवा आला. त्या रानातलं वाळकं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, अशी तिथली रीत.

"खिसं झाडा, पावणं."

मी भडकलो. "मामा, तुमच्या रानासाठी भांडतोय आम्ही, आन् आम्हीच चोर व्हय?"

"जावयाचं बी झाडतो. झाडा."

झाडले. सॅक उलटी केली. लेन्सचा पाउच तेवढा मित्रानं छातीशी धरला. "ह्याला हात नको मामा, धूळ बसती." मीही त्याच्या बाजूनं आवाज चढवला. गुरवाला पटलं नव्हतं, पण सोडलं त्यानं.

मग मित्रानं काढलेला कोळ्याचा फोटो आला. अंगावरचा केस न् केस सुटा! प्रेसवाला थांबला होता, मजकूर तयार होता. पण मला काहीतरी टोचत होतं. रानात क्षणभर न टिकणारा हा प्राणी इथं पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा का बसलाय? फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. काळ्याभोर डोळ्यात एक पांढरा चौकोन, आणि त्यात उभे गज.

तसाच त्याच्या घरी गेलो. "कुठं काढलास?"

"रानात."

"रानाला गज कधी बसवलं?"

तो हसला. "भावा, कोळी तिथलाच हाय की! पान बी तिथलंच. फोटो तेवढा घरात काढला. जरा फ्रीजमध्ये ठेवला की गप बसतोय." त्यानं फ्रीज उघडला. दह्याच्या पातेल्याशेजारी डबी. पाउचातून आलेली.

"पान पण आणलंस?"

"एका पानानं काय हुतंय?"

"रिसॉर्टवाला बी हेच म्हणतोय. एका रस्त्यानं काय हुतंय!"

इथं कुणी पान उचललं नाही म्हणून हे रान उरलं, ही माझ्या पत्रकाची पहिली ओळ होती. ग्रामसभेत कुणी फोटो मोठा करून बघितला असता तर? आणि नसता बघितला, तरी डबी दह्याशेजारीच होती.

दुसऱ्या दिवशी मित्राला डबीसकट गाडीवर बसवून रानात परत नेलं. गुरवासमोर त्यानं डबी उघडली. वाटेत ऊब लागलेला कोळी काठावर आला आणि गुरवाच्या बाहीवर उडाला. गुरवानं हात झाडाला टेकवला, तो उतरेपर्यंत थांबला. "आन् पान?" सुकलेलं पान मित्रानं बुंध्याशी ठेवलं.

मी म्हणालो, "मामा, सभेत हे कळलं तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहत न्हाय."

"झाकून राहतंय व्हय? त्या पत्रकातच घाला की."

घातलं. वर मी मोबाइलवर काढलेलाच फोटो, त्यात कोळी पानावरच्या तपकिरी डागासारखा. खाली ओळ: 'याचा चांगला फोटो आमच्याकडं आहे. तो रानाबाहेर नेऊन काढला, म्हणून छापला नाही. कोळी आणि पान परत ठेवलं आहे.'

सभेत रिसॉर्टवाल्याचा माणूस पत्रक नाचवत उठला. "ह्येच चोर! लिहून दिलंय बघा!"

मागून गुरव ओरडला, "त्यांनी पान परत आणलं. तू रान परत आणून देणार हायस का, ते सांग आधी!"

ठराव पुढच्या सभेवर ढकलला. ढकलला म्हणजे पडला नव्हे. मला त्यातही वास येतोय. म्हणून दर आठवड्याला रानात जातो. परतताना गुरवानं सांगायच्या आत मित्र पाउच उघडतो. गुरव तरी आत बोट घालून बघतोच.