निळी शीशी आणि मोटेचं चाक

अमरावतीला शिकणारा माझा नातू दिवाळीला घरी आला तो टेपरेकॉर्डर काखोटीला मारूनच. ओसरीवर बसून त्यानं एक कॅसेट लावली. परदेशातला कुणी म्हातारा विजेच्या गिटारवर काचेची नळी घासत होता आणि मधूनच फाटक्या गळ्यानं दोन ओळी ओरडत होता. स्वयंपाकघरातून सून म्हणाली, कान किटले. नातवानं आवाज कमी करायला हात पुढे केला तेव्हा मी म्हटलं, "राहू दे. उलट वाढव थोडा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं मला समजावून सांगितलं की याला ब्लूज म्हणतात, गिटार विजेवर वाजवली की आवाज असा फाटतो, आणि या फाटण्यातच खरी मजा असते. मी मान डोलावली. त्याला काय ठाऊक की हा आवाज मी त्याच्या बापाच्या जन्माआधी ऐकला होता, इंझोरीजवळच्या आमच्या मळ्यात, आणि तो निघाला होता माझ्या एका चुकीमुळे.

माझं माहेर रिसोडचं. बाबा तिथल्या भजनी मंडळाचे मुख्य. पेटी वाजवायचे, गळा गोड, आणि कान असा तिखट की भाजीवालीनं हाक मारली तरी तिचा सूर उतरलाय म्हणून कपाळाला आठी घालायचे. अशा घरातून मी आले ती भाजीपाला पिकवणाऱ्या माणसांच्या मळ्यात. वांगी, मिरची, मेथी आणि मधोमध विहीर. लग्नाच्या बोलणीतच बाबा म्हणाले होते, "मुलगा कष्टाचा हाये, पन गळा काय थो." आमच्या ह्यांचा गळा लहानपणीच बसला होता. मचाणावर उभं राहून ज्वारीवरचे पोपट हाकलता हाकलता जो फाटला तो पुन्हा शिवला गेला नाही. साधं "पाणी दे" म्हणाले तरी भांडल्यासारखं वाटायचं.

लग्नानंतर पहिल्याच पहाटे मला जाग आली ती मोटेच्या चाकानं. कुईंऽऽ करत आवाज वर चढायचा, मोट रिकामी झाली की कर्रऽऽ करत खाली उतरायचा. पुन्हा कुईं. माझ्या पेटीवर वाढलेल्या कानांत कुणी खडे ओततंय असं वाटलं. मी आठ दिवस सोसलं. नवव्या दिवशी सासरे आणि हे न्याहारीला बसलेले असताना मी गाडीच्या आसाला लावायचं वंगण घेतलं आणि चाकाच्या कण्याला बोटानं नीट, सगळीकडून चोपडलं. नवी सून कामाची आहे हे सगळ्यांना दिसेल, असा माझा हिशेब.

सासऱ्यांनी बैल जुंपले, "हां राजा" म्हणाले. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतरणीवरून, दोन पावलं उतरले आणि थांबले. चाक मुकाट फिरलं होतं. बैलांनी कान टवकारले, एकमेकांकडे पाहिलं आणि जागचे हलेनात. सासऱ्यांनी चुचकारलं, शेपट्या पिळल्या, शेवटी शिव्याही दिल्या. पाटात पाण्याचा थेंब नाही आणि मिरचीची रोपं आदल्या दिवशीच लावलेली.

"सुनबाई, चाकाले काही केलं का तुनं?"

"वंगण लावलं, मामाजी."

"काहून?"

"लय कुरकुरत होतं."

सासरे धावेवरच बसले आणि पोट धरून हसले. "अवं, थे कुरकुरत नाई. थे बैलायले बोलावते. वर चढलं का चालाचं, उतरलं का मागं सरकाचं, येवढंच त्यायले समजते."

मला रडू कोसळलं. हे उठले. गोठ्यात गेले आणि घासलेटचा रिकामा डबा, बाभळीची फळी आणि कुंपणाची हातभर तार घेऊन आले. फळीवर दोन खिळे ठोकले, तार ताणली, खाली डबा बसवला. माझ्या सासूबाईंच्या खोकल्याच्या औषधाची एक निळी शीशी खिडकीत पडलेली असायची. ती त्यांनी डाव्या हातात धरून तारेवर टेकवली आणि उजव्या हातानं, बांबूच्या कामटीनं, तार छेडत शीशी वर सरकवत नेली. कुईंऽऽ. बैल चालू लागले. शीशी खाली आली, कर्रऽऽ. बैल मागे सरकू लागले. दुपारपर्यंत सासरे बैल हाकत होते, हे शीशी घासत होते आणि मी पदरात तोंड लपवून मिरचीला पाणी देत होते.

पंधरा दिवसांत वंगण सुकलं, चाकाला पुन्हा वाचा फुटली. डब्याचं काम खरं तर संपलं होतं. पण ह्यांना त्या तारेचा नाद लागला. बैलांना सोडलं की मोटेचं पाणी जिथे पडतं त्या थारोळ्याच्या काठावर ते बसायचे आणि शीशी फिरवायचे. सुरुवातीला नुसती चाकाची नक्कल होती. मग त्यात बाजारातून रिकाम्या परतणाऱ्या गाडीची चाल आली, आईला शोधणाऱ्या वासराचं हंबरणं आलं. मधेच ते दोन शब्द म्हणायचे, त्या खरवडलेल्या गळ्यानं, आणि उरलेली ओळ तारेला म्हणायला लावायचे. मी मेथीच्या जुड्या बांधता बांधता ऐकायची. आधी चिडून, मग सवयीनं, आणि नंतर एके दिवशी माझ्या लक्षात आलं की बांधायला जुडी उरलेली नाही तरी मी तिथेच बसलेय.

मला तो आवाज का आवडला हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. बाबांच्या पेटीत प्रत्येक सुराची आपली खोली, एकातून निघून दुसरीत जायचं, दार लावून घ्यायचं. तारेवर खोल्याच नव्हत्या. माहेरची आठवण आली की माणूस "अवं माय" म्हणतो, ते काही एका सुरात म्हणत नाही, कुठून तरी सुरू होतं आणि घसरत घसरत पोटात जातं. ती निळी शीशी तशीच जायची. आणि वरून डब्याची ती खरखर. मला तर ती खरखरच सगळ्यांत जास्त आवडू लागली. गुळगुळीत आवाजावर माझा फारसा विश्वास उरला नाही, हे लिहायला आज बाबांची भीती वाटत नाही.

तेव्हा मात्र वाटायची. कारण लग्नाला पाच वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं, आणि लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. बाबा तो काटेकोर पाळायचे. वर्षातून एकदा यायचे, आपला फिरकीच्या झाकणाचा तांब्या रिसोडहून भरून आणायचे, घोंगडीच्या टोकावर टेकायचे आणि तांब्यातलं पाणी संपत आलं की उठायचे. एकदा त्यांनी तो डबा पाहिला, एकदाच शीशी फिरवून घेतली आणि म्हणाले, "यात सूर कुठी हाये? टीनाले पोचा पडला का असाच आवाज येते." हे हसले. मला मात्र ते लागलं. बाबांनी एकदा तरी माझ्या घरी बूड टेकून बसावं आणि माझ्या माणसाचं वाजवणं ऐकावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मी देवाजवळही मागत नव्हते. मूल मागायचं काम सासूबाई करत होत्या.

मग नणंदेचं लग्न ठरलं. भोंगे त्या वेळी नवीन आले होते. सासऱ्यांनी हौसेनं एक भोंगेवाला ठरवला. तो मोटारीची बॅटरी, कर्ण्यासारखा भोंगा आणि माईक गाडीत घालून आला आणि मांडवापुढच्या चिंचेवर त्यानं भोंगा बांधला. मंगलाष्टकं म्हणायला अर्थातच बाबा. त्यांनी माईकपुढे बसून तालीम म्हणून एक ओळ म्हटली आणि चिंचेवरून कुणी तरी पत्र्यावर नखं ओढल्यासारखा आवाज आला. बाबांनी घसा साफ केला, पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. पाहुणे कुजबुजले, बुवांना पडसं झालंय. बाबा लालेलाल होऊन उठले आणि मांडवाबाहेर आमची गाडी जुंपून ठेवली होती तिच्यात जाऊन बसले. नवरदेवाला जानोशावरून, म्हणजे वऱ्हाडाच्या उताऱ्यावरून, आणायला ती तयार होती.

वऱ्हाड मांडवात यायला वेळ होता. भोंगेवाला म्हणाला, "कोनी तरी बोला बाप्पा, मशीन तपासाची हाये." नणंद हळदीच्या अंगानं आतूनच ओरडली, "दादा, तुहा डबा आण नं." ह्यांनी डबा आणला, माईक त्याच्या तोंडाशी ठेवला आणि शीशी तारेवर टेकवली.

तो आवाज मी मरेपर्यंत विसरायची नाही. जो भोंगा बाबांचा गोड गळा चावून टाकत होता, तो या तारेला मात्र धावत येऊन भेटला. तारेची खरखर आणि भोंग्याची खरखर एक झाली आणि चिंचेची पानं हलतात की काय असं वाटलं. आचाऱ्याचा झारा हवेत राहिला. पोरं नाचायलाच लागली. हे डोळे मिटून बसले होते, आणि शीशी चढत होती, चढत होती.

आणि बाहेर आमचे बैल चालू लागले. शीशी वर गेली म्हणजे चालायचं, एवढंच त्यांना माहीत. बाबांना घेऊन गाडी चाळीस पावलं गेली. शीशी खाली आली. बैल मागे सरकू लागले आणि गाडी वाकडीतिकडी होत पुन्हा मांडवाकडे आली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. सासरे धावले, दोन पाहुणे धावले, हसण्यामुळे कुणालाच कासरा धरता येईना. मी घाबरून बाहेर पळाले, आता बाबा आमचं तोंड पाहायचे नाहीत म्हणून. गाडी माझ्यासमोरून मागे मागे जात होती. बाबा एका हातानं साट्याचा कठडा घट्ट धरून बसले होते आणि दुसऱ्या हातानं गाडीच्या फळीवर ठेका देत होते. बरोबर समेवर. मला पाहिलं आणि त्यांनी तो हात झटकन मांडीखाली घेतला.

मंगलाष्टकं त्यांनी माईक बाजूला सारून म्हटली. जेवले नाहीत, आमच्याशी बोलले नाहीत, तांब्या घेऊन संध्याकाळी निघून गेले. हे म्हणाले, "बुवायले राग आला वाट्टे." तो ठेका मी खरंच पाहिला की मला हवा होता म्हणून दिसला, हेच मला कळेना, आणि मी दोन दिवस चिडचिड करून घर डोक्यावर घेतलं.

आठवड्यानं, सकाळच्या उन्हात, बाबा मळ्यात हजर. सण नाही, निरोप नाही. विहिरीपाशी गेले, पाटाच्या काठावर घोंगडी स्वतःच पसरली, तांब्या बाजूला ठेवला आणि म्हणाले, "जवाईबापू, थे चढाचं कसं करता, थे दाखवा जरा."

हे दाखवू लागले. बाबा एकदा डोळे मिटायचे, एकदा शीशीकडे बघायचे. स्वतः करून पाहिलं, जमलं नाही, पुन्हा शीशी परत दिली. मी वांगी तोडत होते, खरं तर एकाच झाडाची. ऊन डोक्यावर आलं. वाजवणं चालूच होतं. बाबांचा घसा कोरडा पडला असावा. नजर तारेवरून न काढता त्यांनी ओंजळ पाटात घातली आणि आमच्या विहिरीचं पाणी प्यायले. पुन्हा ओंजळ घातली, पुन्हा प्यायले. धोतराच्या सोग्याला तोंड पुसलं आणि म्हणाले, "हं, मंग?"

मी श्वाससुद्धा जपून घेतला. आठवण करून दिली असती तर बिचाऱ्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं असतं.

दुपार कलल्यावर ते उठले. मी घोंगडी झटकली, तांब्या उचलला. तो जड होता. बाबांनी तो माझ्या हातून घेतला, फिरकी सोडली, आत पाहिलं. रिसोडचं पाणी काठोकाठ तसंच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता संपलं सगळं.

बाबांनी तांब्या वांग्याच्या बुडाशी उपडा केला, सगळं पाणी जिरू दिलं आणि रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला.

"भरून दे," ते म्हणाले. "वाटेत तहान लागते."