निल दाखला

थकबाकीदारांच्या यादीत स्वतःचं नाव वाचायला मी ठेवणीतली साडी नेसून गेले होते. मोरपंखी, जरीच्या काठांची. गजराही माळला असता, पण कारेगावहून शिक्रापूर आणि तिथून जीप बदलून चौफुल्याच्या पुढं, एवढ्या प्रवासात तो टिकला नसता. पतसंस्थेच्या शाखेत पाण्याच्या पिंपाशेजारी काचेचा फळा आहे. त्यात यादी लावली होती आणि सातव्या नंबरवर मी होते. माझ्या नावापुढे जामीनदारांचा रकाना होता. त्यात माझ्या माजी नवऱ्याचं नाव, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, छापील अक्षरांत. मी ते दोनदा मनात वाचलं आणि मग एकदा मोठ्यानं.

शिपाई म्हणाला, "ताई, येवढं मोठ्यानं कशाला?"

म्हटलं, "अरे, मागच्यांना ऐकू जायला नको?"

बाई निर्लज्ज आहे असं त्या दिवशी तिथल्या बऱ्याच जणांचं मत झालं. असू दे. त्याआधी सव्वीस महिने मी लाजच तर भरत होते.

सगळं एका गाडीपायी झालं. आमच्या भागात ज्याला पुढारी व्हायचं असतं त्याला आधी पांढरी गाडी लागते. पांढरे कपडे त्याच्याकडं असतातच. माझं सासर कासुर्डीकडचं, बागायतदारांचं. नवऱ्याचे चुलते, म्हणजे आप्पा, पतसंस्थेवर दोनदा संचालक राहिलेले. नवऱ्यालाही तेच व्हायचं होतं. पण त्याच्या नावावर आधीच दोन कर्जं होती आणि एकाच माणसाला तिसरं द्यायचं नाही असा संस्थेचा नियम. मी तेव्हा दूध संकलन केंद्रात कारकून होते. त्या नोकरीला तो चारचौघांत "टाइमपास" म्हणायचा. माझ्या पगारपत्रकावर कर्ज मिळतं हे कळल्यावर टाइमपासला एकदम मान आला. आठवडाभर मला घरात "मॅडम" म्हणत होते.

गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी संस्थेचा माणूस चेक आणि कागद घेऊन शोरूममध्येच आला. चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर नारळ आणि नारळाशेजारी कागदांचा गठ्ठा.

"कर की पटापट सह्या," नवरा म्हणाला. "मुहूर्त चाललाय."

मी केल्या. एक ओळ वाचली नाही. फोटोत मी हसते आहे, आणि तो फोटो बघून आजही मला त्याच्याआधी माझाच राग येतो. दूध केंद्रात पाच-दहा रुपयांचा फरक निघाला तरी गवळ्याला उभं धरणारी बाई मी! जामीनदार म्हणून त्यानं आणि आप्पांनी सह्या ठोकल्या, त्याही न बघता. आमच्याकडं जामीन राहणं म्हणजे लग्नात अक्षता टाकण्यासारखं आहे. हात वर करायचा, टाकायच्या आणि जेवायला बसायचं. निम्म्या गावाला ते दोघं जामीन होते. कुणाकुणाला, ते त्यांनाही आठवत नसेल.

घटस्फोट का झाला ते इथं सांगत नाही. ते वेगळं नाटक आहे, आणि त्यातले काही प्रवेश माझीही शोभा वाढवतील असे नाहीत. मूलबाळ नव्हतं, म्हणून वाटायला फक्त वस्तू होत्या. कोर्टात जाण्याआधी आप्पांच्या ओसरीवर बैठक बसली. माझ्या बाजूनं माझा थोरला भाऊ.

"गाडी त्याच्याकडं ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "पोरीला काय करायची येवढी मोठी गाडी? चालवायला येती का तिला?"

"आन् कर्ज?" मी विचारलं.

"कर्ज ज्याच्या नावावर, त्याचं. कायदाच हाय तसा."

मी भावाकडं पाहिलं. त्यानं मान डोलावली. तेवढ्यात त्याचं बिस्कीट मोडून चहात पडलं आणि त्या बिस्किटाचं त्याला जेवढं वाईट वाटलं तेवढं माझं वाटलेलं मला दिसलं नाही.

अशा रीतीनं गाडी त्याला मिळाली आणि हप्ते मला. मी कारेगावात एक खोली घेतली आणि रांजणगावच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला लागले. पगाराचा निम्म्याहून जास्त भाग गाडीला जायचा. गाडी मला दिसायची ती त्याच्या मोबाइलच्या स्टेटसवर. कधी तिला झेंडूचे हार, कधी टपावर बसलेली पोरं, कधी नुसतीच उसाच्या कडेला उभी. एकदा नवे टायर घातले होते. मी त्या महिन्यात चपलेला तिसऱ्यांदा टाका मारला होता.

माझ्या डोक्यात तेव्हा स्वतःची खाणावळ होती. कारेगावात घरापासून लांब आलेली शेकडो पोरं, सगळी उपाशी. गिऱ्हाईक शोधायलाही जायला नको. भांडी, शेगड्या आणि एक फ्रीज, एवढ्याला कर्ज मागायला गेले तर बँकेचे साहेब म्हणाले, "आधीचं एवढं मोठं कर्ज आहे तुमच्यावर. ते फिटल्यावर या." म्हणजे गाडी त्याची, आणि तिच्यापायी फ्रीज माझा अडला.

सत्ताविसावा हप्ता भरायला मी शाखेत गेले तेव्हा काउंटरवरचे म्हातारे कारकून, त्यांना सगळे मामाच म्हणतात, फार खुशीत होते.

"ताई, तुमचे मालक..."

"माजी."

"माजी मालक. औंदा संचालकाला उभं ऱ्हायचं म्हणतायत. निल दाखला लागंल त्यांना."

निल दाखला म्हणजे संस्थेचं काही देणं थकलेलं नाही असा कागद. तो जोडल्याशिवाय निवडणुकीचा अर्ज घेत नाहीत. आणि आमच्या संस्थेत तो स्वतःच्या कर्जापुरता नसतो. ज्याला जामीन राहिला त्याचंही थकलेलं चालत नाही.

"त्यांचं निम्मं टेन्शन तुम्हीच घालवलंय," मामा कौतुकानं म्हणाले. "येक दिस उशीर न्हाई तुमचा. अशी भरणारी बाई मिळायला नशीब लागतं."

मामांनी ते मनापासून म्हटलं होतं. पण माझ्या कानशिलात जाळ झाला. माझ्या चपलेच्या टाक्यांवर हा माणूस निवडून येणार! पैसे काउंटरवर ठेवले होते, ते मी उचलून परत पिशवीत टाकले.

"मामा, समजा मी नाही भरलं?"

"न्हाई कसं? तुम्ही भरताच."

"समजा म्हणते."

मामांनी चष्मा काढला, पुसला, आणि इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "तीन थकले की नाव यादीत. मंग जामीनदारबी अडकला. आन् निवडून आल्यावर थकलं, तरी पद जातं. आता तुम्ही घरी जावा, मी काय बोललो न्हाई."

हे वाचायला सोपं वाटतं. करायला नव्हतं. पहिल्या महिन्यात दहा तारीख टळली तेव्हा कॅन्टीनमध्ये माझ्या हातून वरणाचं पातेलं निसटता निसटता राहिलं. हप्त्याचे पैसे मी तांदळाच्या डब्यात ठेवत होते, त्यातला एक रुपया मोडला नाही. भीती होतीच. संस्थेचे फोन आले, नोटीस आली. आणि भाऊ तर थेट खोलीवरच आला.

"आपल्या घराण्यात आजवर थकबाकीदार कुणी झालं न्हवतं!"

"घटस्फोटबी कुणी घेतला न्हवता, दादा. मी आपली एकेक भर घालतीय."

चौथ्या महिन्यात यादी लागली. मोरपंखी साडीचं सांगितलंच आहे.

आणि मग एका रविवारी सकाळी ती पांढरी गाडी कारेगावात आली. आमच्या बोळात ती शिरेना, म्हणून तोंडावरच उभी केली. नवरा पुढं, आप्पा मागं काठी टेकत. आजूबाजूच्या खोल्यांतली बिहारची पोरं दात घासत दारात उभी राहिली. प्रेक्षक असले की माझा आवाज आपोआप सुटतो.

"काय चालवलंयस तू?" तो दारातूनच ओरडला. "चार दिवस ऱ्हायलेत अर्जाला! हप्ता का भरला न्हाईस?"

"या उमेदवार," मी म्हणाले. "आप्पा, बसा. पोहे टाकते."

"पोहे नगंत. दाखला पायजे!"

"दाखला संस्था देती. माझ्याकडं पोहेच हायेत."

त्यानं दात आवळले. मग देवळापुढं नाणं टाकावं तसं म्हणाला, "बरं, थकलेलं मी भरतो. झालं?"

"भरा की. निवडून या, गुलाल खेळा. पुढच्या महिन्यापास्नं मी परत थकवते. मग काय हुतं ते आप्पांना विचारा. त्यांना सगळे नियम पाठ हायेत."

आप्पा इतका वेळ उभे होते. ते हळूच खाटेवर बसले, काठी भिंतीला लावली आणि म्हणाले, "पोहे टाक."

पोहे खाता खाता ठरलं. सगळं कर्ज एकदम फेडायचं. रोख नव्हती, म्हणजे गाडी विकायची. आणि गाडी माझ्या नावावर, म्हणजे सही माझी.

"मी भरलेले सव्वीस हप्ते?" मी विचारलं.

"ते तू तुझं भरलंस," तो म्हणाला. "त्याचा काय संबंध?"

मग मात्र माझा तोल गेला. काय बोलले ते सगळं छापता येणार नाही. तांदळाचा डबा उचलून मी त्याच्यापुढं आपटला. म्हटलं, दोन वर्षं तुझ्या बुडाखाली मी होते! लिंबं चिरडली तशी चिरडलीस, आन् वर स्टेटस ठेवलंस! बोळातल्या पोरांना मराठी कळत नव्हतं, पण एकानं टाळी वाजवली. आप्पा खाली बघून शेंगदाणे वेचत राहिले.

तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला, निम्मे देतो. मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी चोवीस हप्त्यांचे कबूल झाले, गाडीचे पैसे येतील त्यातून, दोन नंतर. चौथ्या दिवसानंतर माझ्या सहीला काही भाव उरणार नव्हता, हे मलाही कळत होतं. मी हो म्हटलं.

शाखेच्या अंगणात गाडी घेणारा माणूस आला, आत काउंटरवर पैसे भरले गेले, माझे चोवीस माझ्या पिशवीत आले. आधी माझा दाखला, मग सही, आणि सही झाल्यावर त्याचा दाखला, असं मी ठरवून घेतलं होतं. मामांनी शिक्का मारून माझा निल दाखला माझ्या हातात दिला. मग बॉनेटवर कागद पसरले. त्याच बॉनेटवर.

मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. मोठ्यानं. पहिल्या ओळीपासून, इंग्रजी शब्दाला अडखळत, बारीक टाइपसकट. दुपारचं ऊन, अर्जाची मुदत तीनला संपायची, आणि उमेदवार घामानं भिजलेला.

"अगं, कर की सही!"

"मुहूर्त चाललाय व्हय?" मी विचारलं, आणि ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तो बिनविरोध निवडून आला. फ्लेक्सवर हात जोडून उभा होता. मला त्याचा अजूनही राग येतो आणि तो जावा असं मला मुळीच वाटत नाही. खाणावळ सुरू झाली, फ्रीज आला, दाखला काचेत घालून भिंतीवर लावला आहे.

पण संस्थेची सभासद मी आजही आहे. वार्षिक सभेला मी मोरपंखी साडी नेसून पहिल्या रांगेत बसते. तो व्यासपीठावर असतो. अहवाल वाचून होतो, हात वर होतात, आणि शेवटी अध्यक्ष विचारतात, ऐनवेळचा काही विषय आहे का? तेव्हा मी बोलत काही नाही. पदर खोचते आणि खुर्ची जराशी मागं सरकवते.

त्याचा हात पाण्याच्या ग्लासाकडं जातो. दोन हप्ते अजून यायचे आहेत.